कोपर्निकस विवर आणि त्याचा शेजार : कधी बघायचं, काय काय बघायचं?

गच्चीवरचा
चंद्र दाखवायचा म्हटलं की आपल्याकडे हमखास पौर्णिमेची रात्र ठरते, आणि विवरं बघायला पौर्णिमेइतकी वाईट रात्र दुसरी नाही. आपल्या समोरच्या भागात सूर्य जवळपास डोक्यावर, सावल्या गायब, डोंगर कुठला आणि सपाटी कुठली काही कळत नाही.
माझं स्पष्ट मत आहे की दुर्बिणीतून एकच विवर नीट शिकायचं असेल तर ते कोपर्निकस. ९३ किमी रुंद, जवळजवळ ३.८ किमी खोल, चंद्राच्या विषुववृत्ताच्या थोडं वर आणि मध्यापासून २० अंश पश्चिमेला, त्यामुळे कडेच्या विवरांसारखं तिरकं चेपलेलं दिसत नाही, पूर्ण गोल दिसतं. आतल्या उतारावर पायऱ्या, मध्ये शिखरं, बाहेर उधळलेला माल, पांढरे किरण (त्याच मालाचे दूरवर पसरलेले पट्टे), सगळं एकाच ठिकाणी.
माझ्याकडे ६ इंची डॉब (आरशाची साधी दुर्बीण) आहे. पायऱ्या आणि शिखरं दिसतात. पण आजूबाजूला काय काय ओळखायचं, कुठल्या रात्री, आणि नवीन माणसाला दाखवताना सुरुवात कुठून करायची, हे जाणकारांनी सांगा. टायको या दुसऱ्या विवराचे चाहते येणार हे माहीत आहे, त्यांचंही स्वागत आहे.

चिंगी
पौर्णिमा वाईट??? आमच्या सोसायटीत कोजागिरीलाच दुर्बीण लावतात, मसाला दुधाच्या रांगेशेजारी दुर्बिणीची रांग :)

निशाचर
@चिंगी, कोजागिरीला लावाच, पण त्या रात्री किरण दाखवा, विवर नाही. कोपर्निकसचे किरण ८०० किमीपर्यंत पसरलेत आणि ते पौर्णिमेच्या आसपासच उठून दिसतात. नुसत्या डोळ्यांनीही चंद्राच्या डाव्या अर्ध्या भागातल्या काळसर पट्ट्यात एक पांढुरका ठिपका दिसतो ना, तोच तो.

आता धागाकर्त्याच्या "कुठल्या रात्री"बद्दल. यासाठी ॲप लागत नाही, भिंतीवरचं पंचांग पुरतं. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी सरते, म्हणजे शुक्ल अष्टमीच्या मध्यावर कोन ९०, अर्धा चंद्र, आणि प्रकाश-अंधाराची रेषा चंद्राच्या बरोब्बर मध्यावर. कोपर्निकस तिथून २० अंश पुढे. म्हणजे कोन ११० झाला की तिथे सूर्य उगवणार, आणि १०८ ला नवमी संपते. तर नवमी संपता संपता कोपर्निकसची पहाट, आणि दशमीच्या संध्याकाळी सूर्य तिथे पाच-दहा अंश वर, सावल्या लांबलचक. चंद्र थोडा डोलतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तिथीचा फरक पडू शकतो, पण ढोबळ हिशोब पक्का.
म्हणजे रामनवमीच्या रात्री कोपर्निकसच्या दारात उजेड पोचतो आणि दसऱ्याच्या संध्याकाळी तो ऐन रंगात असतो. सोनं वाटून झालं की गच्चीवर जा. आषाढी एकादशीलाही दिसेल, फक्त ढगांनी परवानगी द्यायला हवी.

गच्चीवरचा
निशाचर, हे तिथीचं गणित जबरदस्त आहे!! म्हणजे प्रत्येक विवराला तिथी लावता येईल की.

निशाचर
येतेच. टायको मध्यापासून ११ अंशांवर, म्हणून साधारण नवमीला. प्लेटो ९ अंशांवर, तोही तेव्हाच. गॅसेंडी ४० अंशांवर, म्हणजे एकादशी. रेखांश घ्या, त्यात ९० मिळवा, १२ ने भागा. पश्चिम रेखांश असेल तर. पूर्वेचा असेल तर ९० तून वजा.

वाटसरू
आलो बरं का, टायकोवाला.
टायको ८५ किमी, पण खोली जास्त, ४.८ किमी. आणि वय बघा, फक्त ११ कोटी वर्षं, पृथ्वीवर डायनासोर हिंडत होते तेव्हाचं. त्याचे किरण १५०० किमीच्याही पुढे जातात, पौर्णिमेला अख्ख्या चंद्राचा मालक तोच वाटतो. जानेवारी १९६८ मध्ये नासाचं सर्व्हेयर ७ हे मानवरहित यान त्याच्या उत्तर कडेबाहेर उतरलं होतं. नासाच्या एलआरओ यानाने २०११ मध्ये टायकोच्या शिखराचा पहाटेचा फोटो काढला, शिखराच्या माथ्यावर १२० मीटरचा एक धोंडा बसलाय. १२० मीटर! तो फोटो बघितल्यावर मला तरी दुसरं विवर आवडणं अवघड आहे.

गच्चीवरचा
वाटसरू, टायको देखणा आहे, वाद नाही. पण त्याचा शेजार बघा. दक्षिणेच्या त्या भागात विवरावर विवर, त्यावर विवर, नवीन माणूस दोन मिनिटांत हरवतो. कोपर्निकस मोकळ्या लाव्हाच्या मैदानात एकटा उभा आहे, त्याने काय उधळलं ते त्या काळ्या मैदानावर स्पष्ट दिसतं. शिकायला मोकळी जागा लागते.

क्लॅव्हियस_फॅन
क्लॅव्हियस विवर, २३१ किमी. एवढंच बोलतो आणि जातो.

मृगनक्षत्र
मी भूगर्भशास्त्रवाली, त्यामुळे शेजाराबद्दल मीच लिहिते, जरा लांबेल.

कोपर्निकसच्या पूर्वेला साधारण ३०० किमीवर एराटोस्थेनिस आहे, ५८ किमीचं, ॲपेनाइन पर्वतरांग जिथे संपते तिथे. त्यातही पायऱ्या, मध्ये शिखरं, सगळं ठसठशीत. पण पौर्णिमेला ते जवळपास नाहीसं होतं, कारण त्याचे स्वतःचे किरण पुसले गेलेत आणि वरून कोपर्निकसचे किरण गेलेत. ही गोष्ट लक्षात घ्या, कारण अख्ख्या चंद्राचा कालक्रम इथूनच मांडला गेला. वर पसरलेलं ते नंतरचं, खाली दबलेलं ते आधीचं, आम्ही दगडाच्या थरांना जो नियम लावतो तोच. जीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन यांनी १९६२ मध्ये कोपर्निकसच्या परिसराचा असा नकाशा वाचून चंद्राचे कालखंड ठरवले. किरण शाबूत असलेली विवरं म्हणजे कोपर्निकस काळ, त्याच्या आधीचा एराटोस्थेनिस काळ, त्याच्याही आधीचा इंब्रियम काळ. तेव्हा कुणी माणूस चंद्रावर गेला नव्हता, एकही दगड हातात नव्हता! दुर्बीण आणि फोटो यांवर हे काम झालं, आणि ती नावं आजही वापरात आहेत.

आता या दोघांच्या मध्ये नीट बघा. तिथे स्टेडियस नावाचं विवर आहे, रुंदी ७० किमीच्या आसपास, म्हणजे एराटोस्थेनिसपेक्षा मोठं. पण लाव्हाने ते काठोकाठ भरून टाकलंय, कडेचा जेमतेम कंगोरा वर राहिलाय. सूर्य अगदी खाली असेल तरच ते वर्तुळ जाणवतं, दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नाही. आणि स्टेडियसच्या आत-बाहेर, उत्तरेकडे, बारीक बारीक खड्ड्यांच्या माळा आहेत. कोपर्निकस घडताना जे प्रचंड ढेकळे उडाले ते परत पडून झालेले हे खड्डे. ६ इंचीत या माळा दिसायलाच हव्यात. पूर्वी काही लोक त्यांना ज्वालामुखीची तोंडं समजत. पण दिशा बघितली की कळतं, माल कुठून आला.

म्हणजे एका आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) चौकटीत : आधी मैदानाखाली बुडालेला स्टेडियस, मग एराटोस्थेनिस, मग सगळ्यांवर शिंतोडे उडवणारा कोपर्निकस. मला यापेक्षा चांगला वर्ग माहीत नाही.

सुलू
मृगनक्षत्र, सुंदर प्रतिसाद. साठवून ठेवला.

अनुप७९
माझा एक प्रॉब्लेम. तुम्ही म्हणता स्टेडियस पूर्वेला, माझ्याकडच्या बाबांच्या जुन्या पुस्तकात तो कोपर्निकसच्या पश्चिमेला लिहिलाय. आणि दुर्बिणीत तर भलतीकडेच दिसतो. नक्की काय?

निशाचर
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी चंद्राच्या दिशा आपल्या आकाशातल्या दिशांप्रमाणे सांगत. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ठरवलं की चंद्रावर उभ्या माणसाला सूर्य उगवतो ती पूर्व. त्यामुळे जुन्या पुस्तकांत पूर्व-पश्चिम बरोबर उलट. बाबांचं पुस्तक त्या काळानुसार बरोबरच आहे, टाकू नका.
दुर्बिणीचं म्हणाल तर डॉबमध्ये चित्र पूर्ण उलटं होतं, नकाशा उलटा धरला की जुळतं. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर वर-खाली सरळ पण डावं-उजवं उलट, तिथे नकाशा फिरवून भागत नाही, मोबाईलवर आरशातली प्रतिमा करून घ्यावी लागते.

बुलढाणेकर
चंद्राच्या विवराचा धागा आणि लोणारचं नाव कुणीच काढलं नाही? आमच्या जिल्ह्यात येऊन बघा, दुर्बीण लागत नाही!

मृगनक्षत्र
काढणारच होते :) लोणारचा संबंध अगदी खरा आहे. पृथ्वीवरची बहुतेक आघातविवरं वेगळ्या खडकांत आहेत, लोणार मात्र दख्खनच्या बसाल्टमध्ये, आणि चंद्रावरची काळी मैदानंही बसाल्टचीच. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोणारला येतात. आघाताच्या दाबाने खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाची काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात, ती लोणारला सापडली आणि १९७० च्या दशकात ते आघातविवर असल्याचं पक्कं झालं. तोवर ज्वालामुखीचं तोंड म्हणणारेही होते.
लोणारच्या काठावर उभं राहिलात तर एक बघा, कडेला बसाल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, काही ठिकाणी तर उलटे झालेत. हीच उचललेली कड कोपर्निकसला बाहेरच्या मैदानापेक्षा किलोमीटरभर उंच करते.

बुलढाणेकर
पण मग आमच्या लोणारला मध्ये डोंगर का नाही? तळ्याखाली आहे का?

मृगनक्षत्र
नाही, तळ्याखालीही नाही. लोणार १.८ किमीचं, साधं विवर. आघात एका मर्यादेपेक्षा मोठा झाला की तळाचा खडक दाबून परत उसळतो आणि तसाच थिजतो, ते मधलं शिखर. त्याच वेळी कडा आत घसरतात, त्या पायऱ्या. पृथ्वीवर ही मर्यादा २ ते ४ किमीची, चंद्रावर गुरुत्व कमी म्हणून १५ ते २० किमीची. कोपर्निकस तिच्या किती पुढे आहे बघा. त्याची सगळ्यात उंच शिखरं तळापासून किलोमीटरभर वर आहेत.

आणि या शिखरांची गंमत म्हणजे तो दगड तिथला नाहीच, काही किलोमीटर खालून वर आलाय. कार्ले पीटर्स या बाईंनी १९८२ मध्ये दुर्बिणीतून आलेल्या त्याच्या उजेडाचा वर्णपट तपासून दाखवलं की शिखरांत ऑलिव्हिन हे खनिज आहे, जे भोवतालच्या भागात तसं आढळत नाही. पुढे याच पीटर्स बाई आपल्या चांद्रयान-१ वरच्या एम-थ्री या उपकरणाच्या प्रमुख होत्या, ज्याने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा टिपल्या. तेव्हा कोपर्निकस ते श्रीहरिकोटा असा धागा आहे बरं!

निशाचर
लोणारवरून एक हिशोब. लोणार उचलून चंद्रावर ठेवलं तर पृथ्वीवरून ते १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) एवढंच दिसेल. ६ इंची दुर्बिणीची कागदावरची मर्यादा पाऊण विकला, आणि आपली हवा बहुतेक रात्री २ विकलांपेक्षा बारीक काही दिसूच देत नाही. स्टेडियसच्या माळांमधले दिसणारे खड्डे म्हणजे दोन-तीन लोणार शेजारी शेजारी.

बुलढाणेकर
बापरे. आता त्या माळा बघितल्याशिवाय राहवणार नाही.

ठकी
मधली तीन शिखरं आहेत ना? ब्रह्मा विष्णू महेश. माझ्याकडून नावं फायनल.

सुलू
ठकी :D
नावांवरून, कोपर्निकसला हे नाव १६५१ मध्ये रिचिओली नावाच्या जेझुइट धर्मगुरूने दिलं. म्हणजे पृथ्वी फिरते म्हणणाऱ्याचं मत चर्चला मान्य नव्हतं, गॅलिलिओची शिक्षा जेमतेम १८ वर्षांपूर्वीची, आणि या माणसाने चंद्रावरच्या सगळ्यात ठळक विवरांपैकी एक कोपर्निकसला देऊन टाकलं. केप्लरलाही शेजारीच बसवलं. लोक म्हणतात की वादळांचा महासागर नावाच्या काळ्या मैदानात ढकलून त्याने त्यांना शिक्षा दिली. मला उलट वाटतं. एखाद्याचा राग असेल तर त्याला कोपऱ्यातला खड्डा देता येतो. गॅलिलिओच्या नावाचं आजचं विवर बघा ना, पश्चिम कडेला १५-१६ किमीचं, शोधायला चष्मा लागतो.

वाटसरू
सुलू, आणि टायको ब्राहेला त्याने टायको दिलं :) कारण रिचिओलीला त्या खगोलशास्त्रज्ञाच्या व्यवस्थेसारखीच (सूर्य पृथ्वीभोवती, ग्रह सूर्याभोवती) मांडणी पसंत होती. पहिला नंबर कुणाचा ते त्यालाही माहीत होतं!

गच्चीवरचा
वाटसरू, तो मताचा पक्षपात झाला, विवराचा नाही!

देवदत्त_एम
वयाचं कुणी लिहिलं नाही कोपर्निकसच्या. साधारण ८० कोटी वर्षं. अपोलो १२ नोव्हेंबर १९६९ मध्ये उतरलं ते कोपर्निकसच्या दक्षिणेला साडेतीनशे-चारशे किमीवर, त्याच्या एका किरणावर. तिथल्या मातीत जी काच मिळाली तिचं वय ८० कोटी निघालं. ती काच खरंच कोपर्निकसची असेल तर विवराचं वय तेच. पुढे २०२० मध्ये जपानी संशोधकांनी कागुया यानाच्या फोटोंवरून ५९ विवरांची वयं मोजली आणि त्यातली आठ, कोपर्निकस धरून, एकाच सुमारास झालेली निघाली. म्हणजे तेव्हा अशनींचा वर्षाव झाला असावा आणि पृथ्वीही त्यातून सुटली नसणार. इथे पृथ्वीवर ८० कोटी वर्षांपूर्वीचं काही शाबूत मिळणं किती कठीण आहे, आणि तिथे खड्डा जसाच्या तसा.
रद्द झालेल्या अपोलो मोहिमांच्या संभाव्य जागांत कोपर्निकसची शिखरंही होती. गेले असते तर वयाचा हा सगळा वाद दगड हातात घेऊन मिटला असता. याची मला मनापासून चुटपुट लागते.

केदार_न्यूजर्सी
या धाग्यात लुनार ऑर्बिटर २ या नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाचा फोटो हवाच. नोव्हेंबर १९६६. यान साधारण ४५ किमी उंचीवरून चाललेलं, कॅमेरा खाली न वळवता तिरका धरला आणि कोपर्निकसचा आतला भाग टिपला. तोवर सगळ्यांनी विवर वरूनच बघितलेलं, पहिल्यांदाच ते एखाद्या दरीच्या काठावरून बघावं तसं दिसलं, पुढे शिखरं, मागे उत्तरेची पायऱ्यापायऱ्यांची भिंत, त्याच्या मागे कार्पेथियन डोंगर. वर्तमानपत्रांनी शतकातला फोटो म्हणून छापला. फिल्म यानातच धुतली जायची आणि स्कॅन करून पृथ्वीवर पाठवली जायची, म्हणून फोटोवर पट्टे दिसतात.
तो फोटो समोर ठेवून मग दुर्बिणीत बघा. दक्षिणेचा तळ खडबडीत आणि उत्तरेचा त्यामानाने सपाट, हा फरक लगेच पटतो.

चिंगी
केदार, आत्ता शोधून बघितला. अंगावर काटा आला. म्हणजे आपण ज्याला खड्डा म्हणतोय त्याच्या तळाशी उभं राहिलं तर कड दिसेल तरी का?

देवदत्त_एम
दिसेल, पण वाटतं तेवढी उभी नाही दिसणार. ९३ किमीला ३.८ किमी खोली म्हणजे रुंदीच्या पंचविसाव्या भागाएवढी. सावल्यांमुळे आपल्याला विहीर वाटते. शिखरापाशी उभं राहिलात तर कड ४५ किमी लांब, क्षितिजावर दोन-तीन बोटं उंचीची डोंगररांग.

रात्रपाळी
मला एक व्यावहारिक प्रश्न. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून १५० पटीने बघतो, चित्र सारखं थरथरतं. आयपीस खराब आहे का?

निशाचर
आयपीस नाही, गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत गरम वाफ सोडत असतो. स्लॅबवर पाणी मारून अर्धा तास थांबा, किंवा खाली मातीवर, गवतावर लावा. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, नळीतली हवाही निवावी लागते. चंद्र डोक्याजवळ असतानाच बघा, शेजारच्या बिल्डिंगच्या एसीवरून बघू नका. आणि सुरुवात ६०-७० पटीपासून, चित्र टिकलं तरच वाढवा.

तर आता धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे, सगळ्यांचं जोडून. नवीन माणसाला मी थेट कोपर्निकसवर नेत नाही. नवमीच्या संध्याकाळी ॲपेनाइन पर्वत पकडायचा, तो कुणालाही दिसतो. त्याच्या शेपटाला एराटोस्थेनिस. तिथून कोपर्निकसकडे सरकताना मध्ये थांबून स्टेडियसचं वर्तुळ शोधायला सांगायचं, ज्याला सापडतं तो पुढच्या महिन्यात परत येतो हा माझा अनुभव. मग कोपर्निकस. त्याच्या बरोब्बर दक्षिणेला फाउथची जोडी, दोन छोटी विवरं एकमेकांत घुसलेली, कुलपाच्या भोकाच्या आकाराची. उत्तरेला कार्पेथियन रांग, ती इंब्रियम हे मोठं मैदान ज्यातून झालं त्या प्रचंड आघाताची दक्षिण कड आहे, त्यात गे-लुसाक विवर.
दुसऱ्या दिवशी दशमीला पश्चिमेला हॉर्टेन्सियस विवराच्या उत्तरेचे घुमट, सहा बसक्या टेकड्या, माथ्यावर बारीक भोकं. हे मात्र आघाताचे नाहीत, खरोखर ज्वालामुखीचे. हवा स्थिर असेल तरच नाद करा.

गच्चीवरचा
हेच हवं होतं! एक विचारायचं राहिलं. नवमीला रात्री किती वेळ बसायचं? एकदा बघून उठायचं की बदल दिसतो?

निशाचर
बदल दिसतो, आणि तोच तर पाहण्यासारखा आहे. प्रकाशाची रेषा त्या भागात ताशी १५ किमीने सरकते, आपण सायकल चालवतो त्या वेगाने. विवर ओलांडायला तिला सहा तास लागतात. आधी पूर्वेची कड उजळते, मग पश्चिमेच्या कडेचा माथा, आणि मध्ये संपूर्ण काळोख. काही तासांनी त्या काळोखात शिखरांची टोकं एकेक करून पेटतात. नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो, त्यामुळे वेळ जुळली तर एका बैठकीत बराचसा सूर्योदय बघून होतो. दर तासाला कागदावर चित्र काढा, वाईट आलं तरी काढा, डोळा त्यानेच तयार होतो.

वाटसरू
ठीक आहे. या नवमीला आधी टायको, मग तिथूनच वर येऊन कोपर्निकस. एवढी तडजोड मान्य.

रात्रपाळी
मला नवमीला संध्याकाळी ड्युटी असते, पहाटे सुटतो. मला काही चान्स?

मृगनक्षत्र
तुम्हाला तर जास्त चांगला चान्स. कृष्ण नवमी-दशमीला मध्यरात्रीनंतर चंद्र उगवतो आणि पहाटे कोपर्निकसवर सूर्यास्त चालू असतो. उजेड उलट बाजूने येतो, त्यामुळे संध्याकाळवाल्यांना पश्चिमेच्या भिंतीच्या पायऱ्या दिसतात आणि तुम्हाला पूर्वेच्या. बहुतेक लोकांनी त्या पायऱ्या कधी बघितलेल्याच नसतात. स्लॅबही तोवर निवलेला असतो. बघा आणि इथे लिहा.

रात्रपाळी
लिहितो. कृष्ण दशमीला सुट्टीचा अर्ज नको म्हणजे, नुसता चहाचा थर्मास.